कोट कोणी धरला

डाग पडला की तो शिळा होऊ द्यायचा नाही, एवढी एकच विद्या डागताईला येत होती आणि त्या विद्येवर तिचं घर चाललं होतं. "डाग म्हणजे नवी सून," तिचे सासरे म्हणायचे. "पहिल्या दिवशी हलवली तर हलते. एकदा रुळली की घर तिचं." हे ते सुनेच्या तोंडावर म्हणायचे, आणि सून इस्त्रीच्या वाफेतून म्हणायची, "म्हणून तर मी अजून इथे आहे, मामंजी."

डागताई हे नाव गल्लीने ठेवलेलं. गल्लीच्या तोंडाशी तिची लाँड्री. पुढे काउंटर, काउंटरच्या मागे नळीवर टांगलेले कपडे, आणि त्यांच्यामधून वाट काढत गेलं की मागची खोली. तिथे धुण्याचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि डाग काढायची तिची फळी. फळीवर बाटल्या, कापसाचे बोळे, मऊ ब्रश. डाग कसला आहे ते ती विचारायची, कसा पडला ते कधी विचारायची नाही. लोक डागाबरोबर आपली भांडणं, आपली दारू, आपली लफडी घेऊन येतात, आणि ती पोटात ठेवण्याइतकं पोट ज्याला आहे त्यानेच लाँड्री काढावी, असं तिचं मत होतं.

खिडकीपाशी मामंजींचं शिलाई मशीन. मामंजी जुने शिंपी. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता ते नुसती तुटलेली बटणं लावायचे आणि उसवलेलं अस्तर टाचायचे. डागताईचा नवरा गेला तेव्हा चार लोकांनी हळहळ केली आणि मनात हिशेब मांडला की आता सासरा एका वाटेने जाईल, सून दुसऱ्या. लोकांचा हिशेब चुकला. दोघं एकमेकांवर खेकसत, एकमेकांचं पथ्यपाणी बघत तशीच राहिली.

एक सांगायचं राहिलं. ही दोघं मूळची या शहरातली नव्हेत. मामंजी तरुणपणी आले, इथेच कामाला लागले, इथेच त्यांचं लग्न, मुलगा, सगळं झालं. बोलणं शहराचं झालं, खोकणंसुद्धा शहराचं झालं. पण आडनाव सांगितलं की समोरच्याच्या भुवया जराशा वर जातात, ते काही गेलं नाही. त्यांच्यासारख्या माणसांसाठी या शहरात एक शब्द आहे. तो मी इथे लिहिणार नाही. असा शब्द सगळ्याच शहरांत असतो. तुमच्या शहरातला तुम्हाला माहीत आहे, उगाच नाही म्हणू नका.

मामंजींचा रोजचा एक नेम होता. दुपार कलली की आपला तपकिरी लोकरी कोट चढवायचा आणि पत्त्यांच्या क्लबात जायचं. कोट त्यांनी स्वतःच शिवलेला. क्लब म्हणजे काय, एका जुन्या इमारतीतली लांबट खोली, चार टेबलं, भिंतीला खुंट्या, कोपऱ्यात चहाची किटली. म्हाताऱ्यांचा स्वर्ग. तिथे मामंजींचा एक भिडू होता, घड्याळजी. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दोघं वर्षानुवर्षं एकाच बाजूने खेळत होते. एकाने पान टाकायच्या आधी दुसऱ्याला कळायचं. घरी आल्यावर मामंजींच्या तोंडी घड्याळजींचंच पुराण. "आज घड्याळजी असा फसला," "आज घड्याळजीने असं वाचवलं." डागताई म्हणायची, "मामंजी, सासूबाईंचं नाव तुम्ही इतकं घेतलं नसेल." मामंजी म्हणायचे, "ती पत्ते कुठे खेळायची?"

त्या दिवशी मामंजी घरी आले ते जरा गोंधळलेले.

"आज लोकांना झालंय तरी काय, कळत नाही," ते दारातच म्हणाले. "वाटेत दोन पोरी फिदीफिदी हसल्या. एका बाईने मला बघून मुलाला पलीकडच्या बाजूला ओढलं. बसमध्ये माझ्या मागे कोणी बसेना. मला वास येतोय का गं?"

"वास कसला येतोय? काहीतरीच," असं म्हणत डागताई रोजच्याप्रमाणे कोट काढून घ्यायला त्यांच्या मागे गेली. ते एकदा पडले होते, तेव्हापासून त्यांचा डावा खांदा आखडला होता. हात छातीच्या वर जायचा नाही. म्हणून कोट काढायला आणि घालायलाही मागून कोणीतरी लागायचं.

ती मागे गेली आणि जागच्या जागी थिजली.

पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, तो शब्द लिहिला होता. जाड, जांभळ्या शाईत. आणि खाली, जरा बारीक अक्षरात, त्यांनी कुठे चालतं व्हावं तेही लिहिलं होतं.

काळजात धस्स होतं म्हणतात ना, ते तिला आयुष्यात पहिल्यांदा नीट कळलं. हा माणूस सगळ्या शहरातून चालत आला होता. बसमध्ये बसला होता. वाटेत ओळखीच्या दुकानदाराला हात करून आला होता. सरळ, नाकासमोर, ताठ. आणि पाठीवर हे.

"काय गं, अडकला का?" मामंजींनी विचारलं.

"नाही. बटण सैल झालंय," ती म्हणाली. तिने कोट उतरवला, घडी उलटी घातली आणि मागच्या खोलीत नेला. आणि मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. दार लोटलं, कोट फळीवर पसरला, बाटली उघडली आणि कापसाचा बोळा भिजवून पुसायला लागली. घासायचं नाही, टिपायचं, हे ती सगळ्यांना शिकवायची. त्या दिवशी तिने घासलं. अस्तराच्या आत टिपकापड सरकवायचं असतं, म्हणजे शाई खाली त्यात उतरते. अस्तर शिवलेलं, ते उसवायला वेळ कुठला. तिने वरूनच पुन्हा पुन्हा भिजवलं. जांभळा रंग फिका झाला, करडा झाला, गेला. मग वाफ, मग ब्रश. दुसऱ्या दिवशी मामंजींनी कोट घातला तेव्हा तो नव्यासारखा दिसत होता.

"धुतलास होय?" त्यांनी बाहीला हात लावून विचारलं.

"मळला होता."

झाकली मूठ, असं तिने मनाशी म्हटलं. म्हाताऱ्याला कळलंच नाही, तर झालंच नाही. कोणी वाटेतल्या टारगटाने लिहिलं असेल, हात मोडोत मेल्याचे. ती कोणाशी काही बोलली नाही. फक्त मामंजी बाहेर पडले की काउंटर सोडून दारात यायची आणि ते वळणाआड जाईपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत राहायची.

आता फौजदार बाईंचं. त्या जवळच्या पोलीस ठाण्यातल्या. त्यांचा गणवेश याच लाँड्रीत यायचा, म्हणून ओळख. एके दिवशी त्या गणवेश न्यायला आल्या आणि गेल्याच नाहीत, काउंटरला टेकून उभ्या राहिल्या.

"ताई, तुमच्या लोकांपैकी एक नर्स आहे, पलीकडच्या वस्तीत राहते. ओळखता?"

"तोंडओळख आहे. का?"

"तिच्या दारावर कोणीतरी घाण लिहिलं. तिने पुसून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. कोणाला सांगितलं नाही. परवा कामावरून परत येताना तिला जिन्यावरून ढकललं. हात मोडलाय, डोक्याला टाके आहेत." फौजदार बाई सावकाश बोलत होत्या. "दारावर तिसऱ्यांदा लिहिलेलं मात्र आहे अजून. जांभळ्या शाईत."

डागताईच्या हातातला हँगर खाली पडला.

"तुमच्याकडे असं काही झालं का?"

"नाही," डागताई म्हणाली. तोंडातून आपोआपच आलं ते, जशी शिंक येते.

फौजदार बाईंनी पडलेला हँगर उचलून दिला. "मी सगळीकडे विचारतेय. सगळे नाहीच म्हणतात. आता ऐका, कारण हे कोणी सांगत नाही. दारावर काहीतरी लिहिलं, एवढंच माझ्या हातात असेल तर तो साधा उपद्रव. दंड भरायचा, घरी जायचं. जिन्यावर ढकललं, तर म्हणणार, गर्दी होती, धक्का लागला. पण अमुक लोकांपैकी आहे म्हणूनच तिला निवडलं, हे मी दाखवू शकले, तर कायद्याच्या लेखी तो गुन्हाच वेगळा. शिक्षा मोठी. आणि मग आपसात हात मिळवून, चूकभूल द्यावी घ्यावी म्हणून, तो मिटवताही येत नाही. पण मला ते दाखवायला एकापेक्षा जास्त घटना लागतात. तुम्ही लोक पुसून टाकता. पुसलं की माझ्याकडे काय राहतं?"

त्या गेल्या. डागताई काउंटरशी उभी राहिली, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. तिने कोट पुसला त्याच दिवशी ती बोलली असती, तर ती नर्स जिना नीट उतरली असती का? कदाचित नसती. पण हा प्रश्न आता आयुष्यभर आपल्या उशाशी झोपणार, हे तिला कळून चुकलं.

तेवढ्यात शेजारचा चष्मेवाला आला. त्याने फौजदार बाईंना बघितलं होतं.

"त्या कोटाबद्दल आल्या होत्या का?" त्याने विचारलं.

डागताईने त्याच्याकडे बघितलं. "कुठल्या कोटाबद्दल?"

चष्मेवाला गडबडला. "मामंजी त्या दिवशी माझ्या काचेसमोरून गेले ना. मी वाचलं. मला वाटलं, सांगावं. पण मग वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"अहो, मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही मूग गिळून बसलात? आणि ते तसेच चालत होते त्याचं काही नाही?"

तो मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "बोलवलं तर सांगेन मी. जे वाचलं ते." एवढं तरी बरं केलं त्याने. पण डागताईचं डोकं सुन्न झालं होतं. सगळी गल्ली वाचत होती. फक्त ज्याच्या पाठीवर होतं त्याला दिसत नव्हतं.

मामंजी खिडकीपाशी कोणाच्या तरी कोटाला बटण लावत होते. ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. असं ती कधी बसायची नाही, म्हणून त्यांनी सुई थांबवली.

"मामंजी, त्या दिवशी तुमच्या कोटावर लिहिलं होतं. पाठीवर. मी पुसलं."

"काय लिहिलं होतं?"

"वाईट होतं."

"वाईट म्हणजे काय? शिव्या मीही देतो. काय लिहिलं होतं ते सांग."

तिच्या तोंडून निघेना. या बाईने आयुष्यात कधी अपशब्द काढला नव्हता, आणि हा शब्द तर तिने फक्त ऐकला होता, नेहमी दुसऱ्याच्या तोंडून, नेहमी आपल्यासाठी. शेवटी तिने तो म्हटला. हळू, जमिनीकडे बघत.

मामंजींच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही. मग ते म्हणाले, "म्हणून हसल्या त्या पोरी." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणून त्या बाईने मुलाला ओढलं." एकेक गोष्ट आठवून ते बटणासारखी जागेवर लावत होते. "मी त्या मुलाकडे बघून हसलो होतो गं."

डागताईचे डोळे भरून आले.

"आणि तू मला सांगितलं नाहीस," मामंजी म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला. "माझी पाठ. माझा कोट. मी शिवलेला. माझ्या अंगावरचं तू मला न विचारता पुसलंस? मी काय तान्हं बाळ आहे?"

"मला वाटलं, तुम्हाला त्रास नको."

"त्रास शहरभर फिरवून आणला मी. तुलाच तेवढा नको होता."

मामंजींनी बटणाचा दोरा दाताने तोडला, उठले आणि म्हणाले, "कोट घे. जाऊ या तुझ्या फौजदारणीकडे."

ठाण्यात फौजदार बाईंनी दोघांना आतल्या खोलीत बसवलं. पत्र्याचं टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर एक बंद पडलेला पंखा. कोट टेबलावर पसरला. फौजदार बाईंनी तो उजेडात धरला, उलटसुलट केला आणि हताश होऊन डागताईकडे बघितलं.

"काय हात आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. "काहीच ठेवलं नाहीत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. लोक याच कौतुकासाठी लांबून यायचे.

मामंजी मात्र कोटाच्या पाठीवरून बोटं फिरवत होते. "कात्री आहे का? बारीक?" त्यांनी विचारलं. कात्री आली. त्यांनी मानेपाशी अस्तराची शिवण शोधली आणि उसवायला सुरुवात केली. आपणच घातलेले टाके ते एकेक करून कापत होते. डागताईला बघवेना.

"कोट खांद्यात बसावा म्हणून आत सुती कापडाची पट्टी घालतो आम्ही," ते हात न थांबवता म्हणाले. "लोकर वरची. ती धुतली जाते. आतलं सुती पितं."

त्यांनी अस्तर बाजूला केलं. पट्टीवर तो शब्द होता. उलटा, फिकट, कडा पसरलेला, पण सबंध. तिने वरून जितकं घासलं होतं, तितका तो आत जाऊन बसला होता. मामंजींनी तो उलट्या अक्षरांतून वाचला. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्यांनी कात्री खाली ठेवली.

फौजदार बाईंनी रंग बघितला. "नर्सच्या दारावर हीच शाई आहे," त्या म्हणाल्या. आणि मग जरा वेळ अक्षरांकडेच बघत राहिल्या. "आजोबा, ओळ किती सरळ आहे. चालत्या माणसाच्या पाठीवर, धक्काबुक्कीत असं लिहिता येत नाही. अंगात असताना तर तुम्हाला कळलंच असतं. कोट टांगलेला होता तेव्हा लिहिलंय हे. तुम्ही तो कुठे काढता?"

"घरी. आणि क्लबात. खुंटीला लावतो." हे बोलले आणि मामंजी थांबले. "क्लबात गुण लिहायला पुठ्ठा आहे. क्लबाचा कारभारी लिहितो त्यावर. जांभळ्या पेनाने."

वाटेतला टारगट कोणी नव्हताच. मामंजी ज्यांच्याबरोबर चहा प्यायचे त्यांच्यातलाच हात होता तो.

"बरं," फौजदार बाई म्हणाल्या. "मग निघताना कोट तुम्ही खुंटीवरून काढला. तेव्हा दिसलं नाही?"

मामंजींनी टेबलाच्या कडेला बोट फिरवलं. "नाही दिसलं."

"कोट तुम्हीच घातला?"

"हो. मीच घातला."

आता कुठे डागताईला कळलं. मामंजींचा डावा हात छातीच्या वर जात नाही. घरी कोट ती घालते. आणि क्लबात? क्लबात रोज कोट कोण धरतं ते तिला पाठ होतं, कारण मामंजीच रोज हसत हसत सांगायचे. घड्याळजी मागून कोट धरतो आणि म्हणतो, "चला साहेब, दार उघडलं." मामंजी आत हात घालतात. घड्याळजी कॉलर नीट करतो.

कोट मागून धरणाऱ्याला पाठ दिसते. दुसरं काही दिसतच नाही.

फौजदार बाई लिहून घ्यायला लागल्या होत्या. मामंजी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की लहान मुलासारखा दिसतो, तसे दिसत होते. डागताईला एक क्षण वाटलं, जाऊ दे. म्हाताऱ्याचा एकुलता एक मित्र. राहू दे त्याला तेवढं. तोंडाला कुलूप लाव आणि बस. आणि मग तिला वाटलं, हे मी एकदा केलंय. याच कोटाचं केलंय.

"मामंजी," ती म्हणाली, "हात वर करून दाखवा."

फौजदार बाईंचं पेन थांबलं. मामंजींनी सुनेकडे असं बघितलं की ती खुर्चीतच लहान झाली.

"आता तू मला चारचौघांत उघडं पाडणार?"

"मागच्या वेळी तुम्हाला न विचारता पुसलं. आता विचारतेय," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं. म्हणालात तर मी गप्प बसेन. पण मला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे."

"नाव सांगितलं तर त्याचं काय होईल?" मामंजींनी फौजदार बाईंना विचारलं.

फौजदार बाईंनी लपवाछपवी केली नाही. "बघून, जाणून, तो कोट तुमच्या अंगावर चढवला असेल, तर तोही गुन्ह्यात आला. लिहिणाऱ्याइतका नाही, पण आला. कोर्टात उभं राहावं लागेल. नाव पेपरात येईल. आणि नंतर तुम्हाला दया आली म्हणून थांबवता येणार नाही."

"त्याला दिसलं नसेल," मामंजी म्हणाले. "नजर कमी झालीय त्याची." आणि लगेच स्वतःच मान हलवली. "केसाएवढी स्प्रिंग अजून बिनचष्म्याने बसवतो तो."

मग त्यांनी उजव्या हाताने आपला डावा खांदा धरला, जणू दुखायला लागलाय.

"त्या दिवशीही त्यानेच धरला," ते म्हणाले. "दार उघडलं म्हणाला. कॉलर नीट केली. सगळे बघत होते, मला वाटलं, आज मी डाव जिंकलो म्हणून बघताहेत. आणि मग त्याने पाठीवर थोपटलं माझ्या. दोनदा. तो कधी थोपटत नाही." त्यांनी घड्याळजींचं खरं नाव, पत्ता, सगळं सांगितलं. फौजदार बाईंनी लिहिलं. डागताई रडत होती, मामंजी नाही.

पुढचं सगळं कायद्याच्या चालीने झालं, म्हणजे गोगलगायीच्या. कारभारी सापडला. तो नर्सच्याच इमारतीत राहत होता. दरवाजा, जिना आणि कोट अशा तिन्ही गोष्टी एका माळेत ओवल्या गेल्या, आणि मग "गंमत केली" आणि "धक्का लागला" हे काही चाललं नाही. चष्मेवाल्याने साक्ष दिली, घाम पुसत का होईना. कोट मात्र परत आला नाही. अस्तर उसवलेला, चिठ्ठी बांधलेला, तो सरकारी कपाटात जाऊन पडला.

खटला उभा राहायच्या आधी एका दुपारी घड्याळजी लाँड्रीत आला. डागताई काउंटरवर होती. तिला वाटलं, याला हाकलून द्यावं. पण मामंजी खिडकीपासून म्हणाले, "येऊ दे."

घड्याळजी समोर उभा राहिला. वाळला होता. "अरे, मी लिहिलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"सगळे बघत होते. मी तुला सांगितलं असतं, तर माझ्यावरच आले असते ते. मला वाटलं, दारापर्यंत जाशील, मग मी मागून येऊन सांगेन. मग तू गेलास पुढे."

"माझी चाल तुला माहीत आहे. म्हातारा माणूस, किती पुढे गेलो असेन?"

घड्याळजी हात जोडून म्हणाला, "कोर्टात एवढंच सांग ना, की तुला नक्की आठवत नाही. इतक्या वर्षांची मैत्री आपली."

मामंजींनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. डागताई म्हणते, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते अजून तसेच बघत होते, ठाण्यातल्या खोलीत पट्टी उघडली तेव्हा बघत होते तसे. विश्वासच बसत नव्हता त्यांचा.

"धरलास ते समजलं," मामंजी म्हणाले. "घाबरलास. माणूस घाबरतो. मग थोपटलंस का?"

घड्याळजीने तोंड उघडलं. मिटलं. इकडे तिकडे बघितलं, टांगलेल्या कपड्यांकडे, डागताईकडे. तो तसाच मागे वळला आणि गेला. कोर्टात मामंजींनी आठवतं ते सगळं सांगितलं, थोपटल्यासकट. तो शब्दही सांगितला, मोठ्याने, न्यायाधीशांनी विचारल्यावर, आणि सांगताना ते ताठ उभे होते.

कारभाऱ्याला तुरुंग झाला. घड्याळजीलाही शिक्षा झाली, थोडकी. नर्सचा हात जुळला, पण तो अजून पूर्ण वळत नाही. ती आता आपले कपडे डागताईकडे टाकते. लोक म्हणाले, न्याय झाला, आणि झालाच तो. डागताईही तसंच म्हणते. तिच्या काउंटरवर आता फौजदार बाईंच्या ठाण्याचा फोन नंबर चिकटवलेला आहे, आणि कोणी कपड्यावर लिहिलेलं काही घेऊन आलं की ती आधी विचारते, डाग कसा पडला. नंतर बाटली उघडते.

मामंजींनी नवा कोट शिवला. करडा. वेळ लागला, कारण डाव्या हाताने कापड नीट धरवत नाही. क्लबात ते जात नाहीत. दुपार कलली की एकटेच फिरून येतात.

निघताना डागताई मागे उभी राहून कोट धरते, नेहमीसारखा. ते आत हात घालत नाहीत. आधी वळतात.

"पाठ दाखव," ते म्हणतात.

आणि ती, इतकी वर्षं त्यांचं दुखलंखुपलं बघत आलेली त्यांची सून, कोट फिरवून त्यांना पाठ दाखवते. ते वरपासून खालपर्यंत नीट बघतात. मगच हात घालतात.